मिनिटाला दहा थेंब

आमच्या रुग्णालयात रोज शेकडो माणसे हातात चिठ्ठी धरून ताटकळत बसत. एका रुग्णावर मात्र ती वेळ कधीच आली नाही. त्याचे वजन दर शनिवारी सकाळी होई आणि विष्ठेची तपासणी रोज होई. त्याच्या डोक्यावर सलाइनचा स्टँड होता, आणि स्टँडच्या बाटलीतून मिनिटाला दहा थेंब ऊर्ध्वपातित पाणी जास्वंदीच्या पानांवर टपकत असे. बाहेरच्या बाकांवरून, दाराच्या फटीतून, फक्त स्टँड आणि बाटली दिसे. त्यामुळे आत कोण आहे, आता कसे आहे, अशी चौकशी बरेच जण हलक्या आवाजात करीत. "स्थिर आहे," असे सर उत्तर देत, आणि ते शब्दशः खरे होते. शॅमेलिअन जातीचा सरडा दिवसातला बहुतेक वेळ स्थिरच असतो.

सर म्हणजे आमच्या जीवरसायन प्रयोगशाळेचे प्रमुख. मूळचे सातारकर, कुवेतमध्ये बारा वर्षे मुरलेले. अंगाने काटकुळे. पांढऱ्या कोटाच्या वरच्या खिशात एकाच रंगाची चार पेने. एक वाळले तर दुसरे, दुसरे वाळले तर तिसरे. चौथे कशासाठी, असे मी पहिल्याच आठवड्यात विचारले, तेव्हा "तुमच्यासारख्यांना द्यायला" असे उत्तर मिळाले. मी एम.एस्सी. होऊन नुकतीच रुजू झाले होते. दोन वर्षे इथे अनुभव घ्यायचा, मग संशोधनाला लागायचे, असा माझा आराखडा होता, आणि त्यात सरड्याला जागा नव्हती.

'नोंद नाही म्हणजे घडले नाही' हे सरांचे ब्रीद. आमच्या एका तंत्रज्ञाला एकदा काम करताकरता भोवळ आली. तो जमिनीवर पडल्यावर सरांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, वेळ लिहिली, आणि मग पाणी मागवले. शुद्धीवर आलेल्या माणसाला त्यांनी विचारले, की पडण्यापूर्वी डोळ्यांपुढे अंधार आला की नंतर. रकाना रिकामा राहिला होता.

सरडा आला मे महिन्याच्या शेवटी. एका येमेनी ड्रायव्हरच्या रक्ताचा अहवाल दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेला होता. सरांनी तो तीन दिवस खपून शोधून काढला. कृतज्ञ ड्रायव्हर सुट्टीवरून परतताना गावाकडची भेट घेऊन आला. भोके पाडलेला बिस्किटांचा डबा. सरांनी झाकण उघडले, आतला हिरवा प्राणी एक डोळा त्यांच्याकडे आणि दुसरा माझ्याकडे रोखून पाहू लागला. दुसरा कुणी असता तर डबा परत केला असता. सरांनी नवीन नोंदवही काढली.

पहिल्या पानावर जात, उगम, वजन, लांबी, लिंग असे रकाने आखले गेले. लिंगनिश्चिती माझ्याकडे आली. ग्रंथालयातल्या प्राणिशास्त्राच्या एका जाड ग्रंथात चित्र होते. डोक्यावर तुरा, म्हणजे नर. समोरच्या प्राण्याच्या डोक्यावर तुरा होता. मी 'नर' लिहिले आणि सही केली, सरांनी प्रतिस्वाक्षरी केली. या कामाला मला चाळीस सेकंद लागले असतील. माझ्या झपाट्याचा मला तेव्हा अभिमान होता.

त्यानंतर सरांचे शास्त्र सुरू झाले. आधी काचेची पेटी आणली होती. आठवड्याभरात ती बाद झाली, कारण काचेत हवा कोंडते आणि सरड्याची फुप्फुसे बिघडतात. रुग्णालयाच्या सुताराकडून त्यांनी माणसाच्या छातीएवढ्या उंचीची लाकडी चौकट करून घेतली, चारी बाजूंना डासांची जाळी ठोकली. रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची, कारण हा प्राणी फांद्यांवर राहणारा आहे. त्याला खाली ठेवून आपण वरून पाहिले, की तो स्वतःला शिकार समजतो. वरच्या कोपऱ्यात दिवा, खालचा कोपरा गार, मधे पाने. कुठे बसायचे ते त्याचे त्याला ठरवता आले पाहिजे, यावर सरांचा कटाक्ष होता. "ज्याला निवड नाही तो आजारी पडतो," असे ते सांगत, आणि सांगतासांगता आमच्या रात्रपाळ्यांचा तक्ता भिंतीला चिकटवत.

त्या काळात आम्ही सहाजणी कुवेतच्या अब्बासिया वस्तीत तीन खोल्यांत राहत होतो. आमचा एसी जून महिन्यात बंद पडला. मी सरांकडे तक्रार घेऊन गेले, तेव्हा ते पिंजऱ्यातल्या दोन तापमापकांमधला फरक तपासत होते. निवास हा आपला विभाग नव्हे, असे त्यांनी मान न वळवता सांगितले. मी म्हटले, की सरड्याचे निवासस्थान तरी आपला विभाग आहे का. त्यांनी क्षणभर विचार केला आणि 'कर्मचाऱ्याची सूचना' या मथळ्याखाली माझे वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले. तारीख घातली. एसी सप्टेंबरपर्यंत तसाच राहिला.

वाटीत पाणी ठेवून भागत नाही, हे प्राणी वाटीतले पाणी ओळखतच नाहीत, पानावरचा हलता थेंबच पितात, हे समजल्यावर सलाइनचा संच आला. रातकिडे आणि पिठातल्या अळ्या प्रयोगशाळेच्या फडताळात गव्हाच्या कोंड्यावर वाढू लागल्या. अळी खायला देण्याआधी तिला कॅल्शियमच्या गोळीच्या भुकटीत घोळवायचे, लाडवाला खसखस लावतात तसे. आणि रोज सकाळी साडेसहाला पिंजरा लिफ्टने गच्चीवर. "काचेतून येतं तो उजेड. ऊन बाहेर असतं," हे सरांचे आणखी एक वाक्य. त्यांचे म्हणणे बरोबर होते. अतिनील किरण काचेत अडतात, आणि त्यांच्यावाचून या प्राण्याची हाडे मेणासारखी वाकतात. मात्र उलट्या होणाऱ्या बालकाला कडेवर घेऊन लिफ्टची वाट पाहणाऱ्या बाईला हे शास्त्र समजावून सांगण्याची जबाबदारी माझ्यावर येई.

त्यांना संताप आलेला मी एकदाच पाहिला. प्रशासनातला एक मुंबईकर कारकून कौतुकाने पिंजऱ्यापाशी आला आणि म्हणाला, की आमच्या साहेबासारखाच आहे हा, जसा वारा तसा रंग. सरांनी त्याला खुर्चीत बसवले आणि पस्तीस मिनिटे उभ्याने सांगितले, की हा प्राणी कुणाला फसवायला रंग बदलत नाही. थंडी वाजली तर काळपट होतो, भ्याला तर गडद होतो, बरे वाटले तर फिकट हिरवा. त्याला जे वाटते ते त्याच्या कातडीवर दिसते. "प्रशासनात असं एक तरी माणूस दाखवा," ते शेवटी म्हणाले. कारकून पुन्हा फिरकला नाही.

दोन ऑगस्टला इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले.

सरांची पत्नी आणि दोन मुले उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी साताऱ्याला होती. फोन तुटले. प्रयोगशाळेतली निम्मी माणसे पहिल्या पंधरवड्यात दिसेनाशी झाली. पावासाठी रांगा लागल्या. सर रांगेत उभे राहून पाव सोडून कोंडा मागत. बेकरीवाल्याला वाटले, की यांच्या घरी गाय आहे. रस्त्यावरच्या नाक्यांवर सैनिक ओळखपत्र पाहत, आणि सर प्रत्येक नाक्यावर वेळ लिहून घेत. त्यांना कुणी गोळी घातली नाही, याचे कारण मला आजही विज्ञानाच्या चौकटीत बसवता येत नाही.

सप्टेंबरच्या मध्याला आमच्या गटाची नावे बसच्या यादीत लागली. बसरा, बगदाद, मग जॉर्डनची सरहद्द, तिथून विमान. यादीत सरांचे नाव होते. त्याच आठवड्यात सरड्याने खाणे सोडले.

तो फांदीवरून खाली उतरला. पिंजऱ्याच्या तळाशी सर निर्जंतुक केलेला फिल्टर पेपर अंथरत. त्यावर तो पुढच्या पायांनी ओरखडे काढू लागला. एका कोपऱ्यात थकला की दुसऱ्या कोपऱ्यात. सरांनी 'पलायनाचा प्रयत्न' अशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी पोट फुगलेले दिसले, रंग काळवंडला, डोळे आत गेले. मी हातमोजे घालून पोट चाचपले. आत गाठी लागल्या. मी ठामपणे सांगितले, की आतडे तुंबले आहे. सरांनी माझे निदान लिहून घेतले. थेंब मिनिटाला वीस केले. तिसऱ्या दिवशी तो उभा राहीना. सर कोट न काढता पिंजऱ्यासमोर बसून राहिले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या वहीत वेळेपुढे मजकूर नव्हता, नुसत्याच वेळा होत्या.

आमच्याकडे काचसामान धुणाऱ्या एक श्रीवर्धनच्या खाला होत्या. नवऱ्याचे किराणा दुकान शहराबाहेर सुलैबियात. ते टाकून जायला तो तयार नव्हता, म्हणून त्याही राहिल्या होत्या. जिथे जीव वाचवायचे तिथे सरडा ठेवणाऱ्या माणसाविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते. तीन महिन्यांत त्या पिंजऱ्याजवळ गेल्या नव्हत्या. त्या दिवशी पदराला हात पुसत त्या दारात थांबल्या, क्षणभर आत पाहत राहिल्या.

"साहेब, पोटुशी आहे ती," त्या म्हणाल्या. "माती शोधतेय खणायला. आमच्या वाडीत घोयरी सरडी अशीच उतरते खाली, अंडी घालायला."

"खालाबाई, नोंदीत नर आहे."

"मग नोंदीला कळा येतायत असं म्हणा."

मी ग्रंथ उघडला. चित्राखाली बारीक टाइपात दोन ओळी होत्या, ज्या मे महिन्यात मी वाचल्या नव्हत्या. तुरा दोघांनाही असतो. नराच्या मागच्या पायाच्या टाचेला काटा असतो. मी भिंग घेऊन मागचे दोन्ही पाय पाहिले. टाचा गुळगुळीत होत्या. ग्रंथात पुढे असेही होते, की मादीला ओलसर, खोल वाळू मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते, आणि त्यातच मरते.

मी सरांना हे वाचून दाखवले. आम्ही दोघांनीही त्या स्वच्छ, पांढऱ्या, जंतुरहित तळाकडे पाहिले. ज्या देशात दार उघडले की उंबऱ्यावर वाळू साचते, डोळ्यांत, डब्यात, गादीखाली वाळू सापडते, त्या देशात आम्ही दोन शास्त्रज्ञांनी एका प्राण्याला तीन महिने चमचाभर वाळू मिळू दिली नव्हती.

सर म्हणाले, वाळू आणा, ऑटोक्लेव्हमध्ये पंचेचाळीस मिनिटे वाफवून निर्जंतुक करा. खालांनी ऐकून घेतले नाही. त्या बादली घेऊन बाहेर गेल्या, कुंपणाशेजारची वाळू भरून आल्या, नळाखाली भिजवली, मुठीत दाबून ढेकूळ टिकते का ते पाहिले आणि बादली पिंजऱ्यात ठेवली. सरांच्या अधिकारक्षेत्रात न तपासलेला पदार्थ प्रथमच आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अब्बासियातून बस सुटायची होती. सर अब्बासियात आले नाहीत, म्हणून शेजाऱ्यांच्या गाडीतून मी पाचला रुग्णालयात गेले. पिंजऱ्याभोवती वॉर्डातली पांढरी चादर लावलेली होती. चादरीला पेनाच्या टोकाएवढे छिद्र होते. सर छिद्राशी डोळा लावून स्टुलावर बसले होते.

"सर, बस सहाला सुटते."

"हळू. अर्धी आत गेलीय."

खणत असताना मादीला कुणी दिसले तर ती खणणे सोडते, पुन्हा सुरू करीलच असे नाही, हे त्यांनी ओठांतल्या ओठांत समजावले. बादली हलवता येणार नव्हती. बसमध्ये नेण्याचा प्रश्नच नव्हता. मी विचारले, किती वेळ लागेल. ते तिने ठरवायचे, असे उत्तर आले.

मग मी मुद्दे मांडले. पुढची बस केव्हा, कुणी सांगू शकत नाही. साताऱ्याला पत्नी आणि दोन मुले दीड महिना बातमीची वाट पाहत आहेत. नर नसताना घातलेली अंडी बहुधा वांझ असतात. आणि प्राणी आता खणतो आहे, म्हणजे आपले काम झाले आहे. पुढचे खाला पाहतील. मी हे सगळे चार मिनिटांत, क्रमाने, पुनरुक्ती न करता सांगितले. सरांनी छिद्रावरचा डोळा काढून माझ्याकडे पाहिले.

"तुमचं विश्लेषण बरोबर आहे," ते म्हणाले. "मला त्यात दोष सापडत नाही. तुम्ही निघा."

मी निघाले. माझे विश्लेषण इतके बिनचूक आणि इतके निरुपयोगी त्यापूर्वी कधी ठरले नव्हते.

जॉर्डनच्या वाळवंटातले तंबू, तिथली पाण्याची रांग, मुंबईचे विमान, हे सगळे माझ्यासारख्या हजारोंनी सोसले. त्यात सांगण्यासारखे माझे काही नाही. मी साताऱ्याला जाऊन सरांच्या पत्नीला भेटले. ते धडधाकट आहेत, पण राहिले आहेत, हे सांगितले. कारण सांगताना माझी जीभ अडखळली. त्या मात्र शांतपणे चहा गाळत राहिल्या.

"आमच्या लग्नात अंतरपाट धरल्यावर यांनी भटजींचं घड्याळ तपासायला मागितलं होतं," त्या म्हणाल्या. "तीन मिनिटं मागं निघालं. मांडवभर लोक हातात अक्षता घेऊन उभे, आणि हे म्हणतात, थांबा. बसमध्ये कसे बसतील हे?"

युद्ध संपल्यावर बऱ्याच दिवसांनी, मे महिन्यात, सरांच्या पत्नीचे पत्र आले. सरांचा पहिला फोन आला होता, आवाज फुटत होता. त्यांनी ओरडून विचारले, कसे आहात, खाताय ना नीट. पलीकडून सरांचे उत्तर आले, "तिघंही खातायत." तेवढ्यात फोन कटला. हे तिघे कोण, याविषयी तुम्हाला काही कल्पना आहे का, असे त्यांनी मला विचारले होते, आणि खाली रेघ ओढली होती.

मला कल्पना होती. जूनमध्ये रुग्णालयाने जुन्या तंत्रज्ञांना परत बोलावले, तेव्हा मी पुन्हा कुवेतला उतरले. दुपारचे बारा वाजले होते आणि मोटारींचे दिवे लागलेले होते. दक्षिणेला तेलविहिरी पेटलेल्या. वारा फिरला की धूर शहरावर येऊन बसे.

प्रयोगशाळेत भिंतींवर यंत्रांच्या जागी चौकोनी डाग होते. सेंट्रिफ्यूज, तराजू, फ्रिज, खुर्च्यासुद्धा सैनिक घेऊन गेले होते. फक्त एक इन्क्युबेटर जागेवर होता. तो कसा वाचला, ते खालांनी सांगितले. अधिकारी आला तेव्हा सरांनी त्याच्यापुढे दोन पानी अर्ज ठेवला: उपकरण हलवण्यापूर्वी आतल्या जिवंत नमुन्यांची मोजदाद करून, त्यांच्या पुढील परिणामांची जबाबदारी स्वीकारल्याची सही. जिवंत नमुने कसले, असे त्याने विचारले. सरांनी खरे तेच सांगितले, की अजून निश्चित व्हायचे आहे. अधिकाऱ्याने अर्ज दोनदा वाचला, हात कोटाला पुसले आणि इन्क्युबेटर सोडून बाकीचे उचलले.

आत एकोणतीस अंडी होती. मादीच्या पोटात नराचे बीज महिनोन् महिने टिकते, आणि ही येमेनहून आली तेव्हा कुणाला भेटून आली होती ते नोंदीत नव्हते. तेवढ्या शक्यतेवर सर आठ महिने राहिले. फेब्रुवारीत वीज गेली तेव्हा अंड्यांची पेटी त्यांनी कोमट पाण्याच्या बाटल्यांमध्ये ठेवली. मादीला स्वेटरच्या आत छातीशी धरून ठेवले. ती नवव्या दिवशी गेली. हे त्यांनी मला तारीख आणि वेळेसह सांगितले, आणि त्यानंतर बराच वेळ खिशातली पेने सारखी करीत राहिले. एकोणतिसांतून तीन पिल्ले निघाली. करंगळीएवढी.

त्यांना सगळे होते. थेंब होते, बारीक किडे होते, भुकटी होती. ऊन नव्हते. चार दिवस शहरावर धूर बसला होता, आणि सगळ्यांत धाकट्याचे मागचे पाय फांदीवर थरथरू लागले होते. सर दर अर्ध्या तासाने ओळखीच्या माणसांना फोन करीत होते. नमस्कार नाही, चौकशी नाही, एकच प्रश्न, "तुमच्याकडे सावली पडतेय का?" पाचव्या दिवशी सकाळी खालांच्या नवऱ्याने दुकानातून सांगितले, की पडतेय, फिकट आहे पण पडतेय.

आम्ही सुलैबियाकडे निघालो. सर गाडी चालवत होते, मी मांडीवर जाळीची पेटी धरली होती. अर्धा रस्ता वायपर लावून कापला. काचेवर काळे तेलकट थेंब येत होते. मग धुराची कड मागे पडली आणि रस्त्यावर आमच्या गाडीची सावली उमटली. सरांनी तिथेच, वाळूच्या काठाला, गाडी थांबवली. पेटी टपावर ठेवली.

पहिले पिल्लू उन्हाकडे आडवे झाले, अंग कागदासारखे चपटे केले आणि त्या बाजूला गडद होऊ लागले. दुसऱ्याने तेच केले. धाकट्याला वेळ लागला. सर बाह्या सरकवून पेटीशेजारी, स्वतःही नकळत थोडे तिरके, उभे होते. धाकट्याने मागचा पाय उचलला, फांदी पकडली, सोडली, पुन्हा पकडली. मग तेही वळले.

मी पर्समधून कागद काढला. पुण्याच्या एका संस्थेत माझी संशोधनासाठी निवड झाली होती. अनुभवाच्या दाखल्यावर सरांची सही हवी होती, आणि त्या दिवशी दुपारी मुंबईला जाणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे तो द्यायचा होता. समोर आलेला कागद सरांनी तासाच्या वर कधी ठेवल्याचे मी पाहिले नव्हते. त्यांनी तो घेतला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मजकूर योग्य आहे म्हणाले, आणि घडी करून, चारही पेने असलेल्या खिशात ठेवून दिला.

"सही उद्या करतो," ते म्हणाले. "आज ऊन आहे."